मटारच्या दिवसांतलं इंग्रजी

परवा मंडईत मटार दिसला. तसा तो महिनाभर दिसतच होता, पण तो लांबून आलेला, शेंगा फुगीर आणि आत तीन दाणे. परवाचा खरा होता. शेंग दाबली की टचकन उघडायची आणि आत आठ-आठ दाणे दाटीवाटीनं बसलेले. चव बघायला मी एक दाणा तोंडात टाकला, तशी भाजीवाली म्हणाली, "घ्या मावशी, निस्ती साखर हाय." पाच किलो घ्यायचा असं ठरवून गेले होते, दहा किलो घेऊन आले. रिक्षात पिशव्या पायाशी धरून बसले तेव्हा लक्षात आलं की मला हसू येतंय आणि मी डोळेही पुसतेय. मटारानं माणसाचं असं काही होत नाही. ते त्या बाईच्या 'हाय'मुळे झालं होतं, आणि गेल्या वर्षीच्या थंडीमुळे.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या कर्वेनगरच्या घरात, दुपारी तीन ते पाच, तीन म्हातारी माणसं मटार सोलत बसायची आणि इंग्रजांच्या नकला करायची. असं लिहिलं की वेडेपणा वाटतो. होताच तो. पण त्या वेडेपणासारखं सुख मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं, हेही सांगून टाकते.

तिघांतले एक आमचे सर. सर म्हणजे माझे यजमान. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सोसायटीत वॉचमनपासून सगळे त्यांना सर म्हणतात, आणि सवयीनं मीही म्हणते. त्यांचं इंग्रजी इस्त्रीचं आहे. एक सुरकुती सापडायची नाही. त्यांचं मराठीही तसंच, प्रत्येक ळ आणि ण जागच्या जागी. दूधवाल्याशी बोलतानासुद्धा "आपण उद्या अर्धा लिटर जास्तीचं द्याल का" असं बोलणारा माणूस.

आमचा मुलगा अमोल लीड्सला असतो, उत्तर इंग्लंडमध्ये. सून ऋतुजा तिथेच नोकरी करते. नात रेवा तिथेच जन्मली, गेल्या वर्षी आठ वर्षांची होती. दर रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. रेवाला मराठी समजतं, मोडकं-तोडकं बोलतेही, पण रंगात आली की इंग्रजीत शिरते, आणि ते इंग्रजी सरांना कळायचं नाही. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला आपल्या सख्ख्या नातीचं इंग्रजी कळू नये! बिचारे कबूल कसं करणार? हसून मान डोलवायचे आणि मध्येमध्ये "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणायचे.

आणि मग एका रविवारी व्हायचं तेच झालं. रेवाच्या वर्गात एक हॅमस्टर पाळलेला होता, उंदराच्या जातीतला गुबगुबीत प्राणी. तो मेला. रेवा अगदी हळू आवाजात सगळं सांगत होती, शाळेच्या मागे त्याला कसं पुरलं, कोण कोण रडलं. आमचे सर प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "व्हेरी गुड, रेवा! कीप इट अप!"

पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटलं नेट गेलं.

त्या दुपारी सर जेवले नाहीत. संध्याकाळी वह्यांच्या दुकानातून एक दोनशे पानी वही घेऊन आले, पट्टीनं रकाने आखले आणि म्हणाले, "नाताळच्या सुट्टीत ती येतेय. तोपर्यंत मला तिचं बोलणं समजलं पाहिजे." शिक्षक माणूस. दुःख झालं की रकाने आखतो.

तर असा आमचा अभ्यास सुरू झाला. थंडीत स्वस्त झाला की मटार आणायचा, सोलायचा आणि वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये कोंबायचा हा आमच्याकडचा दरवर्षीचा कार्यक्रम. त्यात हा नवा कार्यक्रम मिसळला. बाल्कनीत सतरंजी, त्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर हिरवागार ढीग, आणि पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला टॅब. त्यात कुठला तरी गोरा शेतकरी, कुठली तरी दुकानदारीण, कुठला तरी बस ड्रायव्हर बोलायचा. आम्ही ऐकायचो, थांबवायचो आणि म्हणून बघायचो. तिसऱ्या मजल्यावर तीन वाजता ऊन सरळ मांडीवर येतं. पाठीला ऊन, बोटांना सालांचा ओला हिरवा वास, आणि तोंडात साहेबाची भाषा. आजही मटारची साल नाकाशी नेली की मला तो बस ड्रायव्हर ऐकू येतो.

तिसरे आमच्या खालच्या मजल्यावरचे लिमये. बँकेतून निवृत्त. मुलीकडे लंडनला सहा महिने राहून आलेले, म्हणजे त्यांच्या मते इंग्लंड त्यांना पाठ. मटार सोलायला बोलावलं तर सोलायचे कमी आणि खायचे जास्त.

पहिलं भांडण झालं ते या सगळ्याला म्हणायचं काय यावरून. सर म्हणाले, "हेल." मी म्हटलं, "हेल गाण्यासारख्या बोलण्याला म्हणतात, हे काय सगळे गातात? ढब म्हणा." लिमये म्हणाले, "अहो, ॲक्सेंट म्हणा आणि मोकळे व्हा, वहिनी. मटारला तुम्ही वाटाणा तरी कुठे म्हणता?" दोन दिवस या वादात गेले. वहीच्या मथळ्यावर सरांनी आधी 'हेल' लिहिलं, मग खोडून 'उच्चारपद्धती' लिहिलं, ते आम्ही दोघांनी एकमतानं नापास केलं.

मग एकेका बोलण्याला नाव द्यायचं आलं. सर म्हणाले, प्रांतांची नावं लिहू. मी म्हटलं, ती कोणाच्या लक्षात राहणार? आपल्याकडची नावं द्या. बड्या घरच्या माणसांचं ते ओठ न हलवता बोलणं, समोरचा माणूस उन्हात उभा असला तरी त्याला आत या न म्हणणारं. ते ऐकताक्षणी मी म्हटलं, "सदाशिव पेठी!" मी स्वतः तिथली, तेव्हा मला अधिकार होता. लिमयेही तिथलेच. ते म्हणाले, "निषेध नोंदवून घ्या." सरांनी खरोखर वहीत 'लिमये यांचा निषेध' असं लिहिलं. लंडनच्या गल्ल्यांतलं, शब्दातला ट गिळून टाकणारं बोलणं म्हणजे गिळका. स्कॉटलंडचं र घोळवणारं खडीचं, कारण ते ऐकताना रस्त्यावर खडी पसरल्यासारखं वाटायचं. वेल्सचं वरखाली झोके घेणारं आम्ही कोकणी ठरवलं, त्यावर लिमयांचा दुसरा निषेध, कारण त्यांचं मूळ गाव गुहागरजवळ.

अडलं ते लीड्सपाशी. तिथले लोक बसला 'बुस' म्हणतात, कपला 'कुप', लव्हला 'लुव'. तोंड चांगलं उघडून, घसा मोकळा सोडून, जवळच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. मी म्हटलं, हे मंडईचं. लिमये म्हणाले, गिरणीचं, तिकडे पूर्वी कापडगिरण्या होत्या. सर दोन्हीला तयार होईनात. "माझ्या नातीचं आहे ते. विचार करून ठरवू." म्हणून तो रकाना कोराच राहिला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मला नकला येतात. शिकून नाही, जन्मतःच. एकदा ऐकलं की माणूस माझ्या तोंडात येऊन बसतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी प्राचार्यांची नक्कल केली होती, तेव्हा पडद्यामागे उभे असलेले प्राचार्य स्वतः दचकले होते. सर नियमानं शिकायचे, जीभ कुठे, ओठ कसे. मी शेंग सोलता सोलता म्हणायचे आणि ते हुबेहूब व्हायचं. एक दिवस त्यांनी सोललेल्या दाण्यांचं पातेलं बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "मला शिकव. ती विमानतळावर आली की पहिलं वाक्य मी तिच्यासारखं बोलणार."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला शिकव म्हटलं ते पहिल्यांदा. मी काय हरखले म्हणून सांगू! पंधरा दिवस त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं. लीड्सचे लोक भेटल्यावर म्हणतात ते, "एऽ अप, लुव! यू ऑलराइट?" म्हणजे आपलं काय गं, बरी आहेस ना. ते आंघोळीला जाताना म्हणायचे, जिना उतरताना म्हणायचे. वॉचमननं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, सरांची तब्येत ठीक आहे ना?

डिसेंबरात ती तिघं आली. लोहगावच्या विमानतळाबाहेर पहाटेची थंडी, लोकांनी मफलर कानावर बांधलेले, कुणाच्या तरी थर्मासातल्या चहाचा वास. रेवा गुलाबी जॅकेट घालून ट्रॉलीच्या पुढे चालत आली. सर दोन पावलं पुढे झाले, हात पसरले आणि मोठ्यानं म्हणाले, "एऽ अप, लुव! यू ऑलराइट?"

इतकं सुरेख म्हणाले! मी शिकवलं होतं त्याहून सुरेख. अमोल तर खो खो हसत सुटला. रेवाचा चेहरा मात्र आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि ती ऋतुजाच्या मागे गेली ती गाडीत बसेपर्यंत पुढे आली नाही.

प्रवासाचा शीण असेल, झोप झाली नसेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दुपारी रेवा माझ्यापाशी येऊन बसली, मटार सोलायला लागली, बडबडली. सर खोलीत आले की गप्प. संध्याकाळी सरांनी पुन्हा एकदा तिच्या ढबीत काहीतरी विचारलं. ती उठून आत गेली.

रात्रीच्या भाकरी करताना ऋतुजानं मला सांगितलं. रेवाच्या शाळेच्या फाटकाशी दोन मुलं ऋतुजाच्या बोलण्याची नक्कल करतात. मान हलवून, आपल्यासारखे ट-ड म्हणून. सगळे हसतात. सहा महिन्यांपूर्वी रेवानं आईला सांगितलं की तू फाटकापर्यंत येऊ नकोस, कोपऱ्यावर थांब. ऋतुजा म्हणाली, "आई, बाबांनी प्रेमानं केलं ते मला कळतं. पण तिला वाटलं, आजोबासुद्धा."

तव्यावरची भाकरी तशीच राहिली आणि करपली.

कारण मला दुसरं एक स्वयंपाकघर आठवलं. माझ्या माहेरचं. लग्नाला चार महिने झाले होते, आम्ही पहिल्यांदाच जेवायला गेलो होतो. आमचे सर मूळचे खराडीचे. आता तिथे काचेच्या इमारती आणि कंपन्या आहेत, तेव्हा ज्वारी आणि हरभरा होता. शेतकऱ्याचं घर. सायकलवरून शहरातल्या शाळेत येऊन शिकलेला मुलगा. माझ्या आईनं जिलबीचा आग्रह केला तेव्हा ते म्हणाले होते, "नको नको, लय झालं. हाय अजून पानात." जेवणं झाली, पुरुषमंडळी बाहेर बसली, आणि आत आम्ही बहिणी-बहिणी. मोठीनं डोळे मिचकावले. मग काय, मी उठले, पदर खोचला आणि करून दाखवलं. तो हात आडवा धरणं, ती मान, ते "लय झालं", ते "हाय अजून पानात". बहिणी हसून हसून जमिनीवर लोळल्या. मी वळले तर दारात हे उभे. पाणी घ्यायला आले होते.

ते आत आले, माठातून पाणी घेतलं, प्यायले, भांडं पालथं घातलं आणि बाहेर गेले. त्या दिवसानंतर आमच्या घरात मी त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं नाही, 'लय' ऐकलं नाही. खराडीला गेले की तिकडे बोलत असतील, पण मी सोबत असले तर तिथेही जपून. आणि लाज वाटते सांगायला, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, सुधारले!

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोनदा माझ्याच जिभेनं घाव घातला होता. एकदा नवऱ्यावर, एकदा त्याच्या हातून नातीवर. पहिला थट्टेनं, दुसरा मायेनं, पण लागणाऱ्याला ते कसं कळायचं?

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं, शाळेच्या फाटकाचं. माझं नाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वही उचलली आणि रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. मी ती काढून मसाल्याच्या डब्यामागे लपवली. सतराच दिवस होते पोरीचे इथे, आणि त्यातले सहा असेच गेले. ती दोघं एकाच खोलीत असायची, ही सोफ्यावर चित्र काढत, ते खुर्चीत पेपर धरून, आणि पेपरचं पान उलटायचंच नाही. माझा जीव तुटायचा.

सातव्या दिवशी आम्ही खराडीला गेलो. सरांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना नाना म्हणतात, आणि माझ्या जाऊबाई, अक्का, तिथेच राहतात. दोन उंच इमारतींच्या मध्ये त्यांचा बंगला, आणि बंगल्यापुढे राखून ठेवलेला जमिनीचा लहानसा तुकडा. त्यात एक शेवगा आणि पाच-सहा वाफे हरभरा. जमीन गेली पण नानांची सवय गेली नाही, दरवर्षी तेवढा हरभरा पेरतातच. समोर बाज टाकून बसले होते.

"ये रं बाळ्या," नाना म्हणाले. "लय दिसानं वाट सापडली."

"काय करू नाना, गुडघं धरल्यात," सर म्हणाले.

मी चमकून बघितलं. सर जपायचं विसरले होते. सहा दिवसांच्या दुःखानं असेल, किंवा नानांनी खांद्यावर हात ठेवला म्हणून असेल, पण इस्त्री मोडली होती.

"ही पोरगी कुनाची? अमोलची व्हय?"

"व्हय. रेवा."

"आरं मंग हुबी का ठिवली तिला? बस गं बाय. हरबरा खाती का?"

नानांनी वाफ्यातली दोन डहाळं उपटून तिच्या हातात दिली. हरभऱ्याच्या पाल्याला एक आंबट ओल असते, ती बोटांना लागते. रेवानं बोट चाखलं आणि तोंड वाकडं केलं, मग पुन्हा चाखलं. आणि कान टवकारून ती त्या दोन भावांचं बोलणं ऐकत राहिली. कोण गेलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुठल्या विहिरीवर आता पार्किंग झालंय. सरांचा आवाजच निराळा झाला होता. खालच्या पट्टीतला, सैल, मधूनच खदखदून हसणारा. एकेचाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस इतका मोठ्यानं हसतो हे मला माहीत नव्हतं.

रेवा उठली आणि थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. सहा दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "आजोबा, तू वेगळा का बोलतोय?"

सर दचकले. लगेच सावरून बसले, आवाजाला इस्त्री फिरली. "मी लहानपणी असंच बोलायचो, बाळा. हे माझं घर आहे."

"मग आपल्या घरी का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण, आणि नजर हरभऱ्याकडे वळवली. ते सांगणार नव्हते. मेले असते तरी सांगितलं नसतं त्यांनी.

मीच म्हटलं, "मी हसले होते म्हणून. आजोबा बोलले तशी मी नक्कल केली, आणि सगळे हसले."

रेवानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या दोन मुलांत तिला तिची आजी दिसत होती.

"सॉरी म्हटलं तू?"

"नाही."

"व्हाय नॉट?"

एकेचाळीस वर्षांत रोज एकदा तरी वेळ होती, पण मी म्हटलं नव्हतं. मी बाजेवरून उठले. अक्का, नाना, अमोल, ऋतुजा, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "चुकले मी. तुम्ही दारात होतात ते मला दिसलं होतं, आणि तरी मी काही बोलले नाही. माफ करा." पदर डोळ्यांना लावला. अक्का म्हणाल्या, "आगं सुमन, त्येवढ्यापायी रडती व्हय? आमाला तर समदीच हसायची." त्यानं तर मला अजूनच रडू आलं.

सरांनी हरभऱ्याचे दोन घाटे सोलले. मग म्हणाले, "पाणी मात्र छान गार होतं हो तुमच्या माठातलं."

म्हणजे सगळं, अगदी सगळं त्यांच्या लक्षात होतं.

परत येताना गाडीत रेवा मागच्या सीटवर आजोबांच्या शेजारी बसली. येरवड्याच्या पुलावर गाडी अडकली होती तेव्हा ती म्हणाली, "तू एऽ अप चुकीचं म्हणतो. इट्स नॉट अ शाउट." इतकं ओरडायचं नसतं, हळू म्हणायचं, सहज तोंडात आल्यासारखं. घर येईपर्यंत तिनं ते त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. मोबदल्यात तिला 'लय' हवं होतं. उरलेले दहा दिवस आमच्या घरात सगळं लय होतं. लय थंडी, लय मटार, लिमयेकाका लय खातात. हे शेवटचं तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं.

वही मी मसाल्याच्या डब्यामागून काढून दिली. रेवानं रकाने बघितले, सदाशिव पेठीचा अर्थ विचारला, आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे माझं? ह्याला काय म्हणतात?"

सर म्हणाले, "तूच सांग."

तिनं खांदे उडवले. "नथिंग. नुसतं बोलते मी."

सरांनी लिमयांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नुसतं बोलणं'. लिमयांनी निषेध नोंदवला नाही.

जानेवारीत ती परत गेली. घरभर हिरव्या साली सापडत राहिल्या, सोफ्याच्या फटीत, टॅबच्या कव्हरमध्ये. ऋतुजा सांगत होती की आता रेवा तिला फाटकापर्यंत नाही, पण कोपऱ्यावरून पुढे, लाल टपालपेटीपर्यंत येऊ देते. तेवढं तर तेवढं. अशी दुखणी एका थंडीत बरी होत नाहीत, हे मला घरबसल्या कळत होतं. कारण रविवारी रेवाशी बोलताना सर मनमुराद 'हाय' म्हणायचे, 'व्हय' म्हणायचे. फोन ठेवला की माझ्याकडे वळून, "चहा टाकतेस का? थोडं आलं घातलंस तर बरं होईल." पुन्हा इस्त्री. मी सॉरी म्हटलं होतं, त्यांनी माफ केलं होतं, मनापासून केलं होतं. पण जीभ कुठे ऐकते? वर्षभर मी त्यांच्या एका 'हाय'ची वाट बघितली. मागणार कशी? अशी गोष्ट कुणाकडे मागता येत नाही.

यंदा रेवा येणार नाहीये, अमोलची सुट्टी नाही. त्या दहा किलोंपैकी निम्मा मटार काल रविवारी सोलायला घेतला होता. लिमये दाणे खात बसले होते, सर पेपर वाचत होते, ऊन मांडीवर आलेलं. टॅब वाजला. रेवा एक दात पडलेल्या तोंडानं म्हणाली, "आजी, काय करती हायेस?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मटार सोलती हाय."

निघून गेलं आणि मी तोंडावर हात ठेवला. एकेचाळीस काय, बेचाळीस वर्षांपूर्वी हाच शब्द होता, हेच तोंड, हीच बाई. मी नक्कल केली नव्हती हो, देवाशप्पथ नव्हती. नातीनं विचारलं तसं उत्तर दिलं होतं. पण ते त्यांना कसं ऐकू गेलं असेल? लिमयांचा हात पातेल्यावर तसाच थांबला. सरांनी पेपर खाली केला.

"असं नाही," ते म्हणाले. "परीक्षेला बसल्यासारखं काय म्हणतेस? तोंड सोड जरा. पुन्हा म्हण."

"सोलती हाय," मी म्हटलं.

"अजून सदाशिव पेठ आहे त्यात."

पलीकडून रेवा म्हणाली, "अगेन, आजी!"

मी हातातली शेंग खाली ठेवली आणि पुन्हा म्हटलं. कसं म्हटलं देव जाणे, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. पेपर बाजूला ठेवून सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसले आणि ढिगातली एक शेंग उचलली.

"हां," ते मला म्हणाले. "आता बरं हाय."